तलावावरची जलबाग पुन्हा उघडताना : फीत कापण्याआधी गावानं करायची कामं

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गावागणिक तलाव आहे, नाहीतर बोडी, म्हणजे लहान तळं, तरी आहे. कोहळी समाजाच्या मंडळींनी बांधलेले, पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, गेलेले आणि आता ‘मामा (माजी मालगुजारी) तलाव’ म्हणून नोंदलेले हे तलाव अलीकडे पुन्हा लोकांच्या नजरेत आले. कुठे गाळ निघाला, कुठे २४ एप्रिल २०२२ ला सुरू झालेल्या अमृत सरोवर अभियानात काम झालं. त्याच ओघात काही गावांत पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, फरसबंद वाट आली, कमळांचं टाकं आलं, एखादं कारंजं, छोटा पूल, बसायला ओटे आले. बरेच महिने पत्रे लावून बंद असलेली बाग आता उघडायची असते आणि पहिला प्रश्न विचारला जातो तो एकच : उद्घाटनाला कोण येणार?

तारीख पाहुण्यांच्या सवडीनं ठरू नये, पाण्यानं ठरवावी, एवढंच मला सांगायचं आहे. बाग पाण्यानं भरली, एक पाऊस झाला, एक अंधारी रात्र गेली, गावातल्याच माणसांनी ती चालून पाहिली की मग उघडावी. मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीसाठी कित्येक महिने बंद होता. २६ ऑक्टोबर २०२२ ला, गुजराती नववर्षाच्या मुहूर्तावर तो उघडला आणि ३० ऑक्टोबरला तुटला. १३० हून अधिक माणसं गेली. पालिकेचा तपासणी दाखला न घेताच तो लोकांसाठी खुला केला होता. नवा रंग दिलेली जागा माणसाला सुरक्षित वाटते, म्हणून तिथे तो जास्त बिनधास्त वावरतो. दुरुस्तीनंतरचे पहिले दिवस सगळ्यात जोखमीचे असतात ते यामुळेच.

पुढे लिहिलेलं सगळं ग्रामपंचायत, तलाव समिती, शाळेचे शिक्षक आणि बचत गट यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. अभियंता आणि परवानाधारक वायरमन लागतील, पण बरीचशी तपासणी गावातल्या माणसांच्याच हातची आहे.

ताबा घेताना

कंत्राटदाराकडून चावी घेण्याआधी चार कागद मागा : प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा, विजेच्या तारा आणि पाइप कुठून गेले त्याचा नकाशा, पंप व दिव्यांची माहितीपत्रकं, आणि दुरुस्तीची हमी किती मुदतीची आहे त्याचा लेखी कागद. तारांचा नकाशा नसेल तर पुढच्या वर्षी कुणीतरी झाड लावायला खड्डा खणेल आणि सब्बल थेट केबलवर बसेल. बुजण्याआधी मोबाइलवर काढलेले फोटो असतील तर तेही घेऊन ठेवा. ज्या गोष्टी अपुऱ्या आहेत त्यांची यादी ताबापावतीवरच लिहा. ‘नंतर करून देतो’ हे बोलणं कागदावर आलं नाही तर ते काम होत नाही.

पाणी हळूहळू भरा

गाळ काढलेला, पाळ नीट केलेला तलाव किंवा नवं बांधलेलं टाकं एकदम काठोकाठ भरू नका. एक तृतीयांश भरा, चार-पाच दिवस थांबा, पाहा, मग पुढचा टप्पा. तलाव पावसानं भरत असेल तर पाणी आपल्या हातात नसतं, पण तुडूम (पाणी सोडायचं तोंड) आणि सांडवा हातात असतो. दोन्ही मोकळे आहेत, उघडतात-मिटतात, हे जूनच्या आधीच पाहून ठेवा.

प्रत्येक टप्प्यावर पाळीच्या बाहेरच्या बाजूनं पायथ्याजवळून चालत जा. थोडा ओलावा, थोडा स्वच्छ पाझर जुन्या मातीच्या पाळीला असतोच. पाझराचं पाणी गढूळ येऊ लागलं तर मात्र गोष्ट वेगळी : पाळीच्या आतली माती वाहून बाहेर पडते आहे. अशा वेळी भरणं थांबवायचं, पाणी उतरवायचं आणि त्याच दिवशी जलसंधारण किंवा पाटबंधारे विभागाच्या अभियंत्याला बोलवायचं. उद्याची वाट पाहायची नाही.

पश्चिमेकडे, यवतमाळ, अकोला, बुलढाण्याकडे काळ्या कापसाच्या मातीत बांधकाम असेल तर दुसरीच अडचण. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. त्यामुळे वाटेच्या फरशा उचलल्या जातात, संरक्षक भिंत कलते. भिंतीला बारीक तडा दिसला तर त्यावरून सिमेंट फासून झाकू नका. तड्यावर आडवी, हाताच्या पंजाएवढी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावा आणि तिच्यावर खिळ्यानं तारीख कोरा. पट्टी महिनाभर अखंड राहिली तर तडा बहुधा जुना आणि थांबलेला. पट्टी मधोमध चिरली तर भिंत अजून सरकते आहे. दहा-वीस रुपयांच्या पुडीत एवढी खात्रीची माहिती मिळते, आणि ती सरपंचापासून चौकीदारापर्यंत सगळ्यांना डोळ्यांनी दिसते.

तळ अनोळखी झालेला असतो

मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते, कारण तिच्याबद्दल बोललंच जात नाही.

गावातल्या चाळिशीतल्या माणसाला आपला तलाव पाठ असतो. पिंपळाखालून उतरलं की कंबरेएवढं पाणी, पुढे दहा पावलं छातीएवढं, त्यापुढे जायचं नाही. तो हेच पोरांना सांगतो. पण पोकलेननं गाळ काढला की हा नकाशा खोटा पडतो. यंत्र जिथे सहज उतरतं तिथे जास्त खोदतं, कडेला अडचण असते तिथे कमी. शेतकऱ्याला गाळ जिथला चांगला वाटला तिथे खड्डा खोल. शेवटी काठापासून चार पावलं गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला पायाखाली काहीच नाही, अशी जागा तयार होते. वरून पाणी सारखंच दिसतं. ज्याला पोहता येत नाही त्याला ते एक पाऊल पुरतं. त्याला वाचवायला धावलेला दुसरा, आणि दुसऱ्यामागे तिसरा जातो.

म्हणून तलाव कोरडा असतानाच तळावरून चालून घ्या. काठापासून पहिल्या दहा-बारा फुटांत उतार सावकाश हवा, तीन फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली यापेक्षा जास्त नको. मधेच उभा कडा असेल तर मुरूम भरून तो मोडा. यंत्र गावात आहे तोवर हे काम तासाभराचं आहे. यंत्र परत गेलं की वर्षभराचं होतं.

पाणी आधीच भरलं असेल तर गावातल्या ढिवर (मासेमार) बांधवांना सोबत घ्या. त्यांच्याइतकं त्या पाण्याला कुणी ओळखत नाही आणि या कामाचे पैसे त्यांना मिळायला हवेत. डोंग्यातून किंवा नावेतून, फूट-फूट अंतरावर गाठी मारलेल्या दोरीला दगड बांधून खोली मोजत जा. काठापासून आत, दर दहा पावलांना एक ओळ. मोजमाप कागदावर उतरवा, त्यावरून मोठा फलक रंगवा. पाण्यात खांब रोवून खोलीचे आकडे फुटांत लिहा, कारण गावात खोली पुरुष-दोन पुरुष नाहीतर फुटांतच बोलली जाते. जिथे अचानक खोल आहे तिथे लाल खांब. फलक मराठीत, गडचिरोली-गोंदियाकडे गोंडी आणि हिंदीतही, आणि वाचता न येणाऱ्यासाठी चित्र : माणूस, पाणी, माणसाच्या डोक्यावर गेलेली रेघ.

गाळ काढल्याची आणि पाणी खोल झाल्याची दवंडी कोतवालाकरवी द्या. ग्रामसभेतही सांगा. बाहेरगावी दिलेल्या लेकी सुट्टीत पोरंबाळं घेऊन माहेरी येतात, त्यांना हे कळलेलं नसतं.

कमळांच्या टाक्याबद्दल आणखी एक. कमळाला एक ते तीन फूट पाणी पुरतं, त्यामुळे टाकं उथळ ठेवायला काहीच हरकत नसते. धोका पानांचा आहे. भर पावसाळ्यात पानं एकमेकांवर चढली की पाणी दिसतच नाही. तीन-चार वर्षांच्या लेकराला तो हिरवा गालिचा वाटतो आणि ते त्यावर पाऊल टाकतं. पडलं तर पानं वरून पुन्हा मिटतात आणि काठावरच्या आईला काहीच दिसत नाही. चांगल्या पोहणाऱ्याच्याही पायात देठ गुंततात. म्हणून काठालगतचा तीन फुटांचा पट्टा पानांपासून कायम मोकळा ठेवा, पाणी चमकलं पाहिजे. दर आठवड्याला पानं मागे सारायचं काम बागेच्या माणसाच्या यादीत लिहून ठेवा. पाणकणसासारखी उंच वाढणारी झाडं तर लहान मुलांच्या वावरापासून दूरच हवीत.

कठडा, पूल, जुनी विहीर

कठडा साडेतीन फुटांहून उंच हवा, गज उभे हवेत आणि दोन गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी. आडव्या गजांचा कठडा दिसायला छान असतो, पण लहान पोराला ती शिडीच होते. स्टीलचा चकचकीत कठडा आपल्याकडे घेऊच नका असं मी म्हणेन. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचं तापमान ४५ च्या वर जातं, तेव्हा त्याला हात लावता येत नाही. ज्याला धरता येत नाही त्या कठड्याचा तोल सावरायला उपयोग काय? लाकूड, बांबू, नाहीतर रंग दिलेल्या लोखंडावर दोरीचं वेटोळं बरं.

वाटेवर गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल लावली असेल तर उघडण्याआधी ती खरवडून घ्या. कारंज्याचे तुषार जिथे उडतात तिथे आठवडाभरात शेवाळ धरतं. चाकाची खुर्ची किंवा म्हाताऱ्या माणसासाठी उतार बारा फुटांना एक फूट यापेक्षा उभा नको.

पूल हा वेगळा विषय आहे. लहान असला तरी त्याचा हिशेब करा. गर्दी जमू शकणाऱ्या पादचारी पुलाला चौरस मीटरमागे ५०० किलो भार धरायचा असतो. समजा पूल दहा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे, म्हणजे १५ चौरस मीटर, म्हणजे साडेसात टन, म्हणजे वाळूची ५० किलोची दीडशे पोती. हे ऐकून कंत्राटदार म्हणतो, एवढी माणसं कधी चढणार? कारंज्याचे रंगीत दिवे लागले आणि फोटो काढायला सगळे एकाच कठड्यावर वाकले की चढतात.

चाचणी अभियंत्याच्या देखरेखीखालीच करायची. काँक्रीटच्या पुलासाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात पद्धत दिलेली आहे : ठरलेल्या भाराच्या सव्वापट वजन चोवीस तास ठेवायचं, पूल मधोमध किती वाकला ते मोजायचं, वजन काढून पुढच्या चोवीस तासांत तो निदान ७५ टक्के परत वर आला पाहिजे. खाली कुणी उभं राहायचं नाही. पोती एकेक, दोन्ही टोकांकडून सारखी मांडत न्यायची. चाचणी झाली की पुलावर एका वेळी किती माणसं जायची तो आकडा दोन्ही तोंडांशी मोठ्या अक्षरांत लिहा. आणि तो आकडा चाचणीपेक्षा बराच कमी ठेवा.

बागेत जुनी विहीर किंवा बावडी असेल आणि तिच्यावर स्लॅब टाकून ओटा केला असेल, तर पुढचं सगळं सोडून आधी ते पाहा. इंदूरमध्ये ३० मार्च २०२३ ला रामनवमीच्या दिवशी मंदिरातल्या बावडीवरचा स्लॅब कोसळला आणि ३६ जण गेले. खाली पाणी आहे याची वर बसलेल्यांना आठवणही नव्हती. झाकलेली विहीर उघडी करून भोवती भक्कम कठडा आणि वर जाळी लावणं केव्हाही चांगलं.

वीज

पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे हवेत, आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब, कोरड्या उंच जागी. कारंज्याच्या पंपाच्या आणि बागेतल्या सगळ्या दिव्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) हवीच. ‘एमसीबी आहे ना’ असं उत्तर मिळालं तर ते पुरेसं नाही. एमसीबी तार जळण्यापासून वाचवते. पाण्यात उभ्या माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिला कळतही नाही, त्याला आरसीसीबीच लागते. तिच्यावर चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन बंद पडली पाहिजे. नाही पडली तर त्या दिवशी कारंजं बंद.

अर्थिंगची तपासणी मेमध्ये करून घ्या. पावसाळ्यात ओली जमीन चांगला आकडा दाखवते, भेगाळलेल्या जमिनीत तेच अर्थिंग निकामी ठरतं. उन्हाळाभर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं काम कुणाचं, ते ठरवा. पंपाचं शोषणाचं तोंड जाळीनं बंद हवं आणि जाळी बोल्टनं आवळलेली. शक्य असेल तर शोषणाची तोंडं दोन असावीत, म्हणजे एकावर पदराचा शेव, केस किंवा लेकराचा हात ओढला गेला तरी सगळा जोर तिथे येत नाही.

आणि लाइन जाते. भर संध्याकाळी, कारंज्याभोवती पोरं खेळत असताना जाते. पाण्याकाठी तो मिनिटभराचा अंधारही पुरेसा आहे. वाटेवर, पुलावर आणि फाटकापाशी सौर दिवे वेगळे असावेत, जे महावितरणच्या तारेवर अवलंबून नाहीत. उघडण्याआधी एकदा रात्री मुद्दाम मेन स्विच पाडून बघा, कुठे काय दिसतं ते.

पाणी, डास, मासे

मासे आणि कमळं असलेल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायची नाही, मासे मरतील. त्या पाण्यात पोरांनी खेळायचंही नाही. खेळायचं पाणी वेगळं, उथळ आणि क्लोरीन घातलेलं. त्याची तपासणी गावचा जलसुरक्षक रोजच्या ओटी टेस्टनं (पाण्यातलं क्लोरीन पाहायच्या चाचणीनं) करू शकतो. पिण्याच्या पाण्याचा नळ नळयोजनेचाच हवा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यामुळे ‘बोअर मारून घेऊ’ म्हणण्याआधी ते पाणी तपासा.

महिनोन्महिने बंद असलेल्या कारंज्याच्या पाइपांत पाणी साचून राहिलेलं असतं. २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. पहिल्यांदा कारंजं सुरू करण्याआधी पाइप क्लोरीनच्या पाण्यानं धुवून ते पाणी बाहेर सोडा. ते तलावात जाऊ द्यायचं नाही, आणि त्या वेळी आसपास गर्दी नको.

डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस, म्हणजे साचलेलं पाणी ओतून द्यायचा दिवस, पाळा. तलावापेक्षा लक्ष ठेवायचं ते शोभेच्या दगडी कुंड्या, झाडांच्या ताटल्या, व्हॉल्व्हचे चेंबर, टाकून दिलेले प्लास्टिकचे पेले यांवर. गप्पी मासे बांधलेल्या टाक्यात सोडा, जुन्या तलावात मात्र नाही. तिथे आपले देशी मासे हे काम करतात आणि त्यांची जागा जायला नको. माशांना लाह्या, ब्रेड टाकायची हौस सगळ्यांना असते. कुजलेलं अन्न पाण्यातला प्राणवायू खातं आणि श्रावणातल्या ढगाळ पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात. एक छोटी पाटी आणि चौकीदाराचं सांगणं, एवढ्यानं हे थांबतं.

साप, मोहोळ, ऊन, आकाशातली वीज

शोभेसाठी रचलेल्या दगडांच्या राशी सापांना आवडतात. फटी सिमेंटनं भरा. दिव्यांना कीटक येतात, कीटकांमागे बेडूक, बेडकांमागे साप, म्हणून पांढऱ्याऐवजी पिवळे आणि खाली वळवलेले दिवे बरे. पाणदिवड विषारी नाही, तिला मारू नका. नाग, घोणस, मण्यार मात्र ओळखता आले पाहिजेत. दंश झाला तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, थेट दवाखाना. कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस ठेवलेली असते हे आधीच फोन करून विचारा आणि त्याचा नंबर फाटकावर लिहा.

आग्या मोहोळ झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली असेल तर उद्घाटनाला फटाके आणि डीजे नको. आमंत्रणपत्रिका छापण्याआधी हे ठरवा.

मार्चअखेरपासून पावसापर्यंत बाग सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतरच उघडी ठेवा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी पाण्याकाठीही ऊन लागतं. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात वीज पडते. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप चौकीदाराच्या मोबाइलवर हवं. गडगडाट ऐकू आला की शिट्टी, सगळे बाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत कुणी नाही. पत्र्याची छत्री आणि मोठं झाड हे निवाऱ्याचे नव्हेत. शाळेची किंवा पंचायतीची पक्की इमारत त्या वेळी उघडी मिळाली पाहिजे, तिची चावी कुणाकडे ते ठरवा.

वाचवणारी माणसं

बुडणारं माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर येतं-जातं, मान मागे झुकते, हात पाण्यावर दाबल्यासारखे हलतात आणि लहान मूल मिनिटाच्या आत दिसेनासं होतं. म्हणून फाटकावर बसून पावत्या फाडणारा माणूस रक्षक होऊ शकत नाही. पाण्याकडे तोंड करून बसणारा, मोबाइल खिशात ठेवणारा माणूस वेगळा लागतो. ढिवर वस्तीतली पोहण्यात तयार मुलं-मुली या कामाला घ्या, पाळ्या लावा, मानधन वेळेवर द्या.

साधन महाग नको. ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब, तिला बांधलेली पन्नास-साठ फुटांची दोरी, आणि पंधरा फुटी बांबू. दर पन्नास-साठ पावलांवर एक संच, लाल रंगाच्या खुंटीला टांगलेला. कुलपात ठेवायचा नाही. चोरीची भीती वाटते, पण पंचायतीच्या खोलीत बंद ठेवलेली ट्यूब कुणाला वाचवत नाही. क्रम सगळ्यांच्या तोंडी बसवा : आधी आवाज द्या, मग बांबू पुढे करा, मग ट्यूब फेका. उडी फक्त शिकलेल्यानं मारायची, तीही ट्यूब घेऊन.

बाहेर काढलेलं माणूस श्वास घेत नसेल तर त्याला डोक्यावर घेऊन फिरवणं, पालथं घालून पोट दाबणं यात मोलाची मिनिटं जातात. कडक जमिनीवर उताणं ठेवा, एकानं १०८ लावून फोन स्पीकरवर टाका. मान थोडी मागे, नाक बंद, तोंडानं पाच श्वास. मग छातीच्या मधोमध ३० दाब, मोठ्या माणसाला दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, मग दोन श्वास. गाडी येईपर्यंत हेच. हे वाचून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विनंती करा, एक दुपार ठरवा, आशाताई, शिक्षक, रक्षक, पोलीस पाटील सगळ्यांनी पुतळ्यावर किंवा उशीवर हात बसवून घ्या. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यायचंच, काही तासांनी श्वास पुन्हा बिघडू शकतो.

नौकाविहाराचा मोह पहिल्या वर्षी टाळा. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला सहलीची बोट उलटली, १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त होती, बऱ्याच जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. परवाना, तपासणी, प्रत्येकासाठी जॅकेट आणि तरबेज नावाडी हे सगळं जमेल तेव्हा बोट आणा.

आधी गावाला दाखवा

उद्घाटनाआधी निदान तीन संध्याकाळी बाग फक्त गावासाठी उघडा. पहिल्या संध्याकाळी पंचायत सदस्य, वायरमन, रक्षक, आशाताई. दुसऱ्या संध्याकाळी बचत गटातल्या बाया, त्यांची लेकरं आणि म्हातारी माणसं. तिसऱ्या संध्याकाळी शाळा, प्रत्येक दहा मुलांमागे एक मोठं माणूस. त्या वेळी भाषण नको. दोघा-तिघांनी वही घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि पाहायचं : फाटकातून आत आल्यावर पोरं आधी कुठे धावतात, बाया बसायला कुठली भिंत निवडतात, चप्पल कुठे घसरते, कुणी कुठला कठडा ओलांडून जवळची वाट काढतं. आराखड्यात ज्या जागेचा विचार कुणी केला नव्हता, नेमकी तीच जागा लोक निवडतात. तिथे कठडा घाला किंवा तिथलं पाणी उथळ करा.

किती माणसं आत घ्यायची याचा हिशेब चालायच्या जागेवरून होतो. वाट तीनशे मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असेल तर सहाशे चौरस मीटर. माणशी तीन चौरस मीटर धरले तर दोनशे माणसं. तेवढेच पत्र्याचे बिल्ले बनवून फाटकावरच्या खिळ्यांना लावा. आत जाणाऱ्याला बिल्ला, बाहेर येताना परत. खिळे रिकामे झाले की बाहेर थांबा. मोजायला कुणी लागत नाही आणि वादही होत नाही, कारण रिकामे खिळे सगळ्यांना दिसतात. यात्रेच्या किंवा सुट्टीच्या दिवशी आत जायचं आणि बाहेर यायचं फाटक वेगळं ठेवा, दोन्ही बाहेरच्या बाजूला उघडणारी.

सणांचं आधी ठरवा, सण तोंडावर आल्यावर नाही. खांदमळणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैल धुवायला तलावावर येणारच. त्यांच्यासाठी बागेपासून लांब, मुरमाचा पक्का उतार हवा. नवी बाग झाली म्हणून गुरांची वाट बंद केली तर लोक कुंपण तोडतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. कानोबा, भुजली, गणपती, शारदा यांच्या विसर्जनासाठी वेगळा घाट किंवा वेगळं टाकं, पाण्यात दोरखंडाची सीमा, वर उजेड, आणि मूर्ती घेऊन पाण्यात उतरायचं ते फक्त रक्षकांनी. कमळांच्या टाक्यात विसर्जन नाही हे मंडळांना महिनाभर आधी, बैठकीत सांगा.

उघडल्यानंतर

फाटकावर एक जाड वही ठेवा. रोज उघडताना तीन ओळी : पाण्याची पातळी खांबावर किती, कठडा-पूल-दिवे ठीक का, ट्यूब-दोऱ्या जागेवर का. कुणी घसरलं, पडलं, पाण्यात गेलं आणि वाचलं, तर तेही त्याच दिवशी लिहा, कुणाचा दोष न काढता. एकाच जागी दोनदा कुणी घसरलं तर ती फरशी बदलायची, पाटी लावून भागवायचं नाही. वही दर महिन्याच्या मासिक सभेत वाचली जावी.

पहिल्या मोठ्या पावसानंतर बाग दोन दिवस बंद ठेवून पाळ, भिंती, प्लास्टरच्या पट्ट्या आणि सांडवा पुन्हा पाहा. काठालगतचा उतार धुऊन गेला का, हे दोरी टाकून मोजा, कारण पहिल्याच पुरात मुरूम सरकतो आणि फलकावरचा आकडा चुकीचा ठरतो. तसं झालं असेल तर फलक त्याच आठवड्यात नव्यानं रंगवा. हमीची मुदत संपायच्या दोन महिने आधी वहीतल्या सगळ्या तक्रारी एकत्र करून कंत्राटदाराला लेखी द्या आणि पोच घ्या.